बावडीतला शहजादा

चाचांइतका सच्चा थापाड्या उभ्या मराठवाड्यात झाला नाही, हे मी पैजेवर सांगतो. लातुरात गंजगोलाईच्या मागं त्यांचं गाद्या-रजया भरायचं दुकान होतं. रजईत जुना कापूस असला तर 'जुना हाय बरं का' असं स्वतःच ओरडून हातचं गिऱ्हाईक घालवायचे. पण एकदा का उर्दूतला किस्सा सुरू झाला, की एका राक्षसी जिन्नाच्या दाढीत अख्खी वरात वाट चुकायची आणि तीन दिवसांनी नवरदेवासकट कानाजवळून बाहेर यायची. 'खरंच का हो चाचा?' विचारलं तर म्हणायचे, "मैं खुद नै था बाबा, झूट कायकू बोलूं? मेरे उस्ताद थे वरात में." शहजाद्याला घोड्यावर बसवायचं तर आधी घोड्याचं खानदान, मग खोगीर, मग खोगीर शिवणारा कारागीर, त्या कारागिराची भांडखोर बायको. रिकिबीत पाय पडेपर्यंत ऐकणाऱ्याच्या पायाला मुंग्या आलेल्या असायच्या. तरी उठायचं कुणी नाही.

बहात्तरच्या दुष्काळात रजया कोण भरणार? चाचा दुष्काळी कामावर खडी फोडायला आले. मी तिथं हजेरी लिहायला होतो. दुपारी खायला सरकारी सुकडी वाटली की बाया त्यांच्याभोवती बसायच्या. निम्मं उर्दू डोक्यावरून जायचं, पण किश्शात जेवणाचा दस्तरखान अंथरला की सगळ्यांना सगळं कळायचं. बिर्याणी, कोफ्ते, शीरमाल, गोड भाताचा जर्दा, फिरनी! मी एकदा चिडून म्हणालो, "चाचा, इथं सुकडी नरड्याखाली उतरंना, अन् तुम्ही हे काय लावलंय?" तर मलाच म्हणाले, "मग बादशा को भुका उठाऊं क्या?" मला वाटलं, बाया दगड घालतील त्यांच्या डोक्यात. पण दुसऱ्या दिवशी सोजरबाई नावाची एक म्हातारी त्यांनाच दटावायला लागली, "ओ चाचा, काल जर्द्यामागनं फिरनी हुती. आज कुटं गेली?" चाचांनी कान धरले, माफी मागितली आणि फिरनी वाढली. म्हातारी समाधानानं सुकडी चावत बसली.

पुढं दहा वर्षांनी लातूर जिल्हा झाला. म्हणजे काय झालं, तर खुर्च्या वाढल्या. पाऊस होता तेवढाच राहिला. मी एव्हाना साहेबलोकांच्या मागं फायली घेऊन पळणारा बाबू झालो होतो. मंत्री येणार, मोठा जलसा होणार, म्हणून शहाणपणा करून मीच चाचांचं नाव सुचवलं. मिळाली पाच मिनिटं. चाचांनी आठ दिवस गळ्यासाठी पथ्य पाळलं, उस्तादांची शेरवानी उन्हात घातली आणि भल्या सकाळी मांडवात उभे राहिले. पाच मिनिटांत शहजादा नुसता बावडीत पडला. तोही कुठं, तर निम्म्यात, एका मुळाला लोंबकळत. साहेबांनी डोळे वटारले. मी चिठ्ठी पाठवली, 'आवरा'. चाचांना मराठी अक्षर वाचता येत नव्हतं. त्यांना वाटलं, कुण्या कदरदानानं माझ्याकरवी दाद पाठवली. चिठ्ठी कपाळाला लावून त्यांनी खिशात ठेवली, मला लांबूनच सलाम केला आणि त्या मुळाचं वर्णन दुप्पट रंगवून सुरू केलं! शेवटी माईक बंद करायला मीच सांगितलं. मीच, दुसरं कुणी नाही. जन्मात कधी माईक न वापरलेल्या माणसाला तो बंद झालेलाही कळला नाही. मग बँड वाजायला लागला, तेव्हा कळलं.

आता किस्सा सांगणाऱ्यांत रिवाज असा, की किस्सा थांबवायचा तर त्यातल्या माणसाला आधी सुखरूप जागी पोचवायचं. दुसऱ्या दिवशी चाचा कचेरीत हजर. "बाबू, शहजादा बावडीच में है. बैठ जरा. उसको अंदर छोडके मैं निवाला कैसा तोडूं?" मी म्हणालो, उद्या. ते उद्या आले. परवाही आले, शेरवानी घालून. मागं दोन शिपाई तोंड दाबून हसत होते. मला माझीच लाज वाटली आणि राग काढला त्यांच्यावर. "चाचा, काय ते थोडक्यात सांगा ना!"



"थोडक्यात?" ते म्हणाले. "बाहर निकला. बादशा बना. मर गया."

"बरं झालं," म्हणालो मी, आणि फाईल पुढं ओढली. ही जीभ झडली कशी नाही, कुणास ठाऊक.

त्यानंतर चाचा चार वर्षं जगले. दुकानात म्हणे किस्से चालायचे पहिल्यासारखेच. मी पायरी चढलो की ते किस्सा तिथंच सोडून सुई-दोरा हातात घ्यायचे. रस्त्यात दिसले की मी सायकलवरून उतरायचो. वेळ हाताशी भरपूर ठेवून विचारायचो, "काय चाचा, कसं काय?"

"ठीक," म्हणायचे, आणि पुढं जायचे.