कासव वर बसलंय

आमच्या घरातलं कासव वडिलांचं आहे. तळहातापेक्षा थोडं मोठं, डोळ्यांमागे लाल पट्टा असलेलं, दुकानांत मिळतं त्या परदेशी जातीचं. शांती नगरमधल्या आमच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये, टीव्हीशेजारी त्याची काचेची टाकी आहे. वडील काशीमीऱ्याच्या एका गॅरेजमध्ये ट्रकचे ब्रेक दुरुस्त करायचे. त्या काळात कामावर जाण्याआधी ते कासवाला घमेल्यात घालून गच्चीवर न्यायचे. तिथेच चहा प्यायचे, पेपर वाचायचे. कासव मान आणि चारही पाय ताणून उन्हात पडून राहायचं. त्या वेळेत त्यांना कुणी हाक मारत नसे.

मग वडिलांचे गुडघे गेले. इमारतीला लिफ्ट नाही. नोकरी सुटली, जिने सुटले आणि कासवाचं ऊनही सुटलं. हे शेवटचं कुणाच्या लक्षात आलं नाही. हॉलच्या खिडकीतून टाकीवर ऊन यायचं, तेवढं पुरेसं आहे असं आम्ही धरून चाललो होतो.

पावसाळा संपता संपता टाकी धुताना वडिलांना कवचाची कड बोटाखाली दबल्यासारखी वाटली. मी कासवाला रिक्षाने प्राण्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी कड अंगठ्याने दाबून पाहिली आणि सांगितलं की काचेतून आलेल्या उन्हाचा उपयोग नाही, त्यातला कामाचा भाग काचेतच अडतो. कासवाने रोज पाण्याबाहेर येऊन पूर्ण कोरडं व्हायला हवं. वरून ऊब हवी आणि उन्हासारखा प्रकाश हवा. त्यासाठी दिवे मिळतात. "वर येऊन बसलं तर सुधारेल," ते म्हणाले. "नाही बसलं तर कवच असंच मऊ होत जाईल, आणि मग ते टिकत नाही."

गच्चीवर गळतीचं काम निघालं होतं, दाराला कुलूप होतं. म्हणजे जे करायचं ते हॉलमध्येच. डॉक्टरांचं म्हणणं मी घरी जसंच्या तसं सांगितलं. वडिलांनी टीव्ही बंद केला आणि खुर्ची टाकीसमोर ओढली.

दिवे आले. वडिलांनी पाण्याच्या एका बाजूला विटांचा ओटा केला, त्यावर सपाट फरशी ठेवली आणि दिवे बरोबर तिच्यावर येतील असे बांधले. कासव फरशीपर्यंत यायचं, पुढचे पाय टेकवायचं, घसरायचं आणि परत तळाशी जायचं. वडिलांनी चढणीला नारळाचं सोडण बांधून पाहिलं. दोन दिवसांत पाणी चहासारखं झालं. मग गॅरेजमधल्या जुन्या सहकाऱ्याकडून ट्रकच्या पायरीवरच्या खरखरीत रबराचा तुकडा मागवला आणि तो उतरता बसवला. पाणी थोडं कमी केलं. पंपाच्या घरघरीने ते बिचकत असेल म्हणून सकाळी पंप बंद ठेवायला सुरुवात केली.

मी एका वर्तमानपत्राच्या संपादकीय विभागात रात्रपाळीला असते, त्यामुळे सकाळी घरी असते. मुलं शाळेत आणि माणसं कामावर गेली की आमची इमारत रिकामी होते. कुठेतरी कुकरची शिट्टी होते, कुणाचा तरी नळ वाहत असतो. महामार्गावरच्या ट्रकांचा आवाज इतका पुसट येतो की तो बाहेर आहे की आपल्याच कानात, हे सांगता येत नाही. अशा एका सकाळी, अर्धवट झोपेत, मला कासव पाण्याबाहेर दिसलं. पाठीवरचं पाणी ओघळत होतं, कवच पट्ट्यापट्ट्याने फिकं होत होतं. एक मागचा पाय हवेत लांबवून त्याने बोटं पसरली. वडील श्वास रोखून बसले होते.

तेवढ्यात आई स्वयंपाकघरातून आली, टाकीसमोर वाकली, काचेला बोटं लावून ती कपाळाला लावली. धप्प आवाज झाला. फरशी रिकामी होती.

आई रत्नागिरीकडची. तिच्या गावच्या देवळात गाभाऱ्यासमोर जमिनीत दगडी कासव आहे, आणि त्याला हात लावल्याशिवाय कुणी पुढे जात नाही. आमचं कासव पाण्यात असलं की ती त्याच्यावर ओरडायचीसुद्धा, घाण करतोस म्हणून. पण ते वर येऊन, पाय पसरून, मान पुढे काढून बसलं की तिच्यासाठी देवळातलं व्हायचं. मग हात आपोआप जायचा.

"अगं, पुन्हा?"

"मी काय केलं?"

"काय केलं म्हणे! सकाळपासून चढतंय ते."

"हात जोडले मी. दगड नाही मारला."

"त्याला काय कळतंय? त्याला वाटतं, खायला आलं कुणीतरी."

"मला बघून? इतकी वर्षं झाली लग्नाला, तुम्हाला नाही वाटलं तसं."

"मला बुडी मारायला पाणी नव्हतं."

असं बरेच दिवस चाललं. वडिलांनी माझ्याकडून जुने पेपर घेऊन टाकीच्या तीन बाजू झाकल्या. चौथी बाजू उरायची, आणि आई त्या बाजूने यायची. ती मुद्दाम करत नव्हती. कधी हातात कोथिंबीर असायची, कधी ओलं फडकं, आणि वाकून झाल्यावरच तिच्या लक्षात यायचं.

एके रविवारी टाकी धुताना वडिलांनी कड दाबून पाहिली, मग पुन्हा दाबून पाहिली. ती पहिल्यापेक्षा जास्त दबत होती. त्यांनी कासव हलकेच पाण्यात सोडलं आणि आवाज न चढवता म्हणाले, "तुझ्या नमस्काराने मरणार ते."

आई आत निघून गेली. दुपारी भांडी लावताना तिने मला विचारलं, "खरंच तसं आहे?"

वरून सावली आली की कासव बुडी मारतं, ते त्याला शिकवावं लागत नाही, पक्षी उचलून नेतील ही भीती जन्मापासून असते, असं मी सांगितलं. तिने ताट पुसून ठेवलं. "म्हणजे मी घार," ती म्हणाली.

त्यानंतर ती सकाळी हॉलमध्ये यायचीच बंद झाली. कपडे वाळत घालायला हॉलमधून जायचं झालं तरी भिंतीकडे तोंड करून जायची. वडिलांना ते बरं वाटत नव्हतं, पण ते शब्द मागेही घेत नव्हते. खुर्ची त्यांनी स्वतःच टाकीपासून लांब नेली.

मग एका सकाळी ती पोळ्या लाटता लाटता, टाकीकडे न बघता म्हणाली, "वर बसलंय."

"तुला काय माहीत?" वडिलांनी विचारलं. त्यांनाही तिथून नीट दिसत नव्हतं.

तिने लाटणं वर केलं. दिव्यांचा उजेड पाण्यावरून परतून हॉलच्या छतावर पडत होता, आणि स्वयंपाकघराच्या दारातून तेवढा तुकडा दिसायचा. कासव पोहत असताना तो उजेड जाळ्यासारखा थरथरायचा. ते बाहेर आलं की हळूहळू मोठ्या, आळशी वळ्या उरायच्या, आणि मग त्याही थांबायच्या. आता छतावर एक पिवळट, स्थिर चौकोन होता. आईने पिठाचे हात जोडले आणि छताकडे बघून मान लववली. देऊळ बंद असलं की लोक रस्त्यावरूनच कळसाला हात जोडतात, तसं.

वडिलांनी खुर्चीतूनच मान वर करून छताकडे बघितलं. "चालेल," ते म्हणाले.

हिवाळाभर आमच्या सकाळी छताखाली गेल्या. टाकीकडे कुणी बघायचं नाही. मी सोफ्यावर आडवी, वडील खुर्चीत मान मागे टाकून, आई आत. बोलणं कमी, तेही हळू. उजेड हलला की कळायचं, उतरलं. पुन्हा थांबला की पुन्हा बसलं. कधी तो इतका वेळ थांबलेला असायचा की खोलीच पाण्याखाली आहे आणि आपण तळाशी पडलोय असं वाटायचं. कधीतरी डोळा लागायचा, आणि जाग आली तरी चौकोन तिथेच असायचा.

एकदा शेजारची गुजराती बाई मेथीची जुडी घेऊन आली. आईने तिला दारातच अडवलं. "बाद में आओ ना. वो बैठा है."

"कौन बैठा है? मेहमान?"

"कछुआ."

"कछुआ तो बैठेगा ही, भाभी. दौड़ेगा थोड़ी."

आई हसली, पण तिला आत घेतलं नाही. दोघी जिन्यात उभ्या राहून मेथी निवडत बोलत राहिल्या. कासव फरशीवर डोळे मिटून पडलं होतं. मी न बघण्याचा नियम मोडून एकदा बघितलं होतं.

पुढच्या रविवारी टाकी धुताना वडिलांनी कड दाबली आणि आईला हाक मारली. तिने हात पुसले, तरी पुढे होईना.

"दाब," ते म्हणाले. "डोळ्यांवर सावली नको येऊ देऊ, मागून ये."

तिने मागून येऊन अंगठा टेकवला. "थोडं घट्ट लागतंय."

"थोडं? नीट दाब. बरंच घट्ट आहे."

"थोडंच. डॉक्टर काय म्हणतात बघू."

"डॉक्टरांचा अंगठा काय वेगळा आहे?"

कासवाने मान आत घेतली होती, आणि पाय हवेत वल्ह्यासारखे चालले होते. "आधी पाण्यात सोडा त्याला," आई म्हणाली, "मग भांडा."