माहितीस्तव सविनय सादर

माझ्या बायकोच्या खासगी गोष्टींत सरकारनं कधीच नाक खुपसलं नाही. ते काम मी केलं, तीन प्रतींत आणि सहीनिशी.

तेव्हा आम्ही भोपाळला सरकारी कारखान्याच्या टाउनशिपमध्ये राहत होतो. मुलगी हॉस्टेलला गेली आणि तिच्यासाठी घेतलेला कॉम्प्युटर रिकामा पडला. दुपारी कामं आटपली की वीणा त्याच्यासमोर बसू लागली. काही दिवसांनी तिनं मला सांगितलं, की ती एक ब्लॉग लिहिते. ब्लॉगचं नाव 'तिसरी शिट्टी', आणि लिहिणारीचं नाव नुसतं 'शेजारीण'.

"कुणाला सांगायचं नाही हं," ती म्हणाली. मी पेपरमधून मान वर न काढता हो म्हणालो. ब्लॉग काही वाचला नाही. (अक्षर फार बारीक दिसतं, असं कारण तेव्हा मी दिलं होतं. शेअर बाजाराचे आकडे मात्र मला दिसायचे.)

दोन वर्षं सगळं सुरळीत होतं. मग एके दिवशी पेपरात बातमी आली, की इंटरनेटवर कोण काय लिहितं, काय वाचतं, हे सगळं सरकारला बघता येईल अशी यंत्रणा येते आहे. माझ्या शेजारच्या टेबलावरचे सक्सेनाजी असल्या बाबतीत सर्वज्ञ. ते म्हणाले, "येते आहे काय, आली साहब. आप यहाँ टाइप कर रहे हैं, वहाँ दिल्ली में परदे पे आ रहा है."

मी लगेच पाठवलेल्या मेलची यादी उघडली. कारण मागच्याच आठवड्यात मी एका मंत्र्यावरचा विनोद अकरा जणांना पाठवला होता, आणि निवृत्तीला आठ वर्षं बाकी होती.

आता, आमच्या नोकरीत एक रीत होती. घरात काही मोठं आलं, की कळवायचं. जमीन घेतली, कळवा. स्कूटर घेतली, कळवा. सासऱ्यांनी फ्रीज दिला, कळवा. न कळवलं तर चौकशी, आणि कळवलं की माणूस मोकळा. अठ्ठावीस वर्षं हेच केल्यावर माणसाला साधं घाबरायलासुद्धा फॉर्म लागतो. इंटरनेटचा फॉर्म कुठं मिळेना, म्हणून मी स्वतःच तयार केला. हिंदीतून, पट्टीनं रेघा मारून. शीर्षक: 'कर्मचारी एवं परिवार द्वारा अंतरजाल के उपयोग का स्वैच्छिक विवरण'.

माझ्या रकान्यात लिहिलं: शेअर बाजार, आम्लपित्त आणि (अनवधानाने) एक विनोद. मुलीच्या रकान्यात: अभ्यास. वीणाच्या रकान्यात मी सगळं प्रामाणिकपणे भरलं. टोपणनाव: शेजारीण. ब्लॉग: तिसरी शिट्टी. विषय: घरगुती. आक्षेपार्ह मजकूर: निरंक. (आणि त्यापुढे कंसात, खोटं नको म्हणून: वाचलेला नाही.)

वीणाला विचारायला हवं होतं. ते सुचलंच नाही. फ्रीजचं कळवताना फ्रीजला कुठं विचारलं होतं?

अर्ज 'माहितीस्तव सविनय सादर' झाला आणि ऑफिसात गोंधळ उडाला. असा कागद पूर्वी कुणीच दिला नव्हता, त्यामुळे तो कुठल्या विभागाचा हे कुणालाच कळेना. तो कार्मिक विभागात गेला, तिथून सुरक्षा विभागात, आणि प्रत्येक टेबलावर 'देखा' असा शेरा घेऊन पुढे सरकत राहिला. शेवटी भाषा हिंदी आहे एवढं पाहून कुणीतरी तो हिंदी विभागाच्या दुबेजींकडे टाकला. नेमका तेव्हा हिंदी पंधरवडा चालू होता.

दुबेजी स्वतः माझ्या टेबलाशी आले. "साठे साहब, मराठीभाषी होकर 'अंतरजाल' लिखा आपने! यह तो आदर्श नमूना है." आणि त्यांनी तो आदर्श नमूना गेटजवळच्या काचेच्या फलकात लावला, कुलूप घातलं आणि पुतण्याच्या लग्नाला चार दिवस जबलपूरला निघून गेले. किल्ली त्यांच्या खिशात.

एक कबूल करतो. पहिल्या दिवशी मला त्याचा अभिमान वाटला होता. मी स्वतः दोघातिघांना नेऊन तो फलक दाखवला. त्यांत आमचे शेजारी खानवलकर होते.

खानवलकर वहिनी म्हणजे 'तिसरी शिट्टी'च्या सगळ्यात मोठ्या चाहत्या. महिला मंडळात त्या तिचे लेख छापून आणायच्या आणि मोठ्यानं वाचून दाखवायच्या. शेजारणींचे डबे परत करताना झाकणं ठेवून घेणारी एक बाई त्यात होती. तिच्यावर तर त्या इतक्या हसल्या होत्या, की पाणी द्यावं लागलं. ती बाई म्हणजे आपण, हे त्यांना फलक लागला त्या संध्याकाळी समजलं.

दोन दिवसांत अख्खी टाउनशिप तो ब्लॉग वाचत होती. जे त्यात होते ते रागावले, आणि जे नव्हते ते आपण का नाही म्हणून रागावले. नवऱ्यावरच्या लेखाचं खानवलकरांनी कँटीनसाठी हिंदी भाषांतर केलं. त्यात एक वाक्य होतं: 'मी टेबलफॅनशी बोलले, तर तो निदान माझ्याकडे वळून तरी बघतो.' त्यानंतर मी कँटीनमध्ये शिरलो, की कुणीतरी उठून टेबलफॅन माझ्याकडे वळवायचं.

मी फलकाच्या काचेवर बाहेरून वर्तमानपत्र चिकटवलं. सुरक्षा विभागानं ते 'अनधिकृत सूचना' म्हणून काढलं आणि मलाच जाब विचारला.

तिसऱ्या दिवशी खानवलकर वहिनी आमच्या दारात आल्या. हातात आमच्या डब्यांची पाच झाकणं. "मोजून घ्या, शेजारीणबाई," एवढंच म्हणाल्या आणि गेल्या. वीणा झाकणं घेऊन तशीच उभी राहिली. मग मला सगळं सांगावं लागलं.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"तुम्हाला कुणी विचारलं होतं?"

"नाही."

"मग?"

"अगं, त्यात लपवण्यासारखं काय होतं?"

"लपवण्यासारखं काही नव्हतं हो," ती म्हणाली. "माझं होतं, एवढंच."

तिनं झाकणं फळीवर नीट लावली, कॉम्प्युटरसमोर बसली आणि दोन वर्षांचं सगळं लिखाण पुसून टाकलं. मी घाईघाईनं म्हणालो, थांब, मला वाचू दे. तिनं मागं वळून पाहिलं, "आता?" म्हणाली आणि शेवटचं बटण दाबलं. माझ्या बायकोनं मराठीत लिहिलेलं मी आयुष्यात एकच पान वाचलं आहे, आणि तेही खानवलकरांच्या हिंदीत. अजून वाईट वाटतं. ते हसण्यावारी नेता येत नाही, आणि मी तसा पुष्कळ प्रयत्न केला आहे.

पुढच्या महिन्यात कार्मिक विभागाचं उत्तर आलं: अशी माहिती घेण्याची कोणतीही तरतूद नाही, तरी कृपया पाठवू नये. म्हणजे अख्ख्या सरकारात आमच्या घरातलं जाणून घेण्याची इच्छा कुणालाही नव्हती.

आता निवृत्त होऊन आम्ही भोपाळमध्येच, कोटरा सुल्तानाबादला राहतो. वीणा दुपारी गॅलरीत फोनवर बराच वेळ काहीतरी टाइप करत असते. मी आलो की फोन पालथा ठेवते. मी विचारत नाही. आत जाऊन माझा फोन उघडतो आणि मराठीत निनावी लिहिणाऱ्या बायकांचे ब्लॉग एकेक करून वाचतो, चष्मा लावून, पहिल्या अक्षरापासून. तिनं पुन्हा लिहायला घेतलं असेल, तर ती मला सापडेल अशी आशा आहे. पण अजून ओळखता आलेली नाही. मूर्ख नवऱ्यांवर लिहिणाऱ्या बायका पुष्कळ आहेत, आणि प्रत्येकीचा नवरा हुबेहूब मीच आहे.