वर राहणारी पिल्लंवाली

आमच्या हरणी भागातल्या सोसायटीत वर राहणारी पोरगी डुकराच्या पिल्लांवर संशोधन करते. घरी आल्यावर अंघोळ केल्याशिवाय कुणाला शिवत नाही, जिन्यातूनच भरभर बोलते.

परवा म्हणाली, "एकाच आईची पिल्लं, एकच जंतू. काही हगवणीनं मरतात, काही ठणठणीत. आतड्यातले मायक्रोआरएनए नावाचे बारीक रेणू कुठल्या जनुकांना गप्प करतात, त्यावरही ते ठरतं. समजलं ने, काका?"

माझी बायको हगवणीनंच गेली. आम्ही एकाच ताटात जेवलो होतो, मला काही झालं नाही. मी विचारलं, "माझी नात हुबेहूब आजीवर गेलीय. आतडीही तिचीच घेतली असतील काय गं?"

पोरगी पहिल्यांदाच हळू बोलली, "तिला पाणी उकळूनच पाजा, काका."