लोण्यासारख्या वरणाचं पाणी

मांडीवर रिकाम्या बाटल्यांची पिशवी घेऊन उमरेडकडे जाणाऱ्या बसमध्ये बसलं, की लोक गप्प बसू देत नाहीत. सक्करदरा मागे पडेपर्यंत मी खिडकीबाहेरच बघत होते. तरी शेजारच्या काकूंनी विचारलंच, "भंगार वेचून राहिली का वं?"

"गावचं पाणी न्यायचंय. तपासायला."

"नागपुरात नळ बंद झाले का?" काकू म्हणाल्या आणि माझ्या खांद्यावर झोपल्या.

शहराजवळची काळी माती हळूहळू फिकी झाली. मामीच्या गावाअलीकडे शेतांतून करडे, गुलाबी ठिपक्यांचे खडक डोकं वर काढतात. मी भूगर्भशास्त्र शिकते; ते बघून मला आनंद व्हायला हवा होता. पण याच खडकांपायी मामीशी वाद घालायचा होता, आणि मला तर ऑटोवाल्याशीही घासाघीस जमत नाही. गावाचं नाव लिहीत नाही. "मंग पोरीले स्थळं येतीन का?" असं मामीनं बजावलंय.

पोरगी म्हणजे माझी मामेबहीण पल्लवी. हसताना ती तोंडावर हात धरते. मला वाटायचं, ही माझ्यासारखीच लाजाळू. या दिवाळीत हात जरा खाली आला आणि दातांवरचे तपकिरी पट्टे दिसले. अंगणातलं बोअर खोदलं तेव्हा पल्लवी रांगत होती. आज मी पोचले तेव्हा त्याच अंगणात तिची तीन वर्षांची भाची चिमी बोअरच्या पाण्याचा ग्लास दोन्ही हातांनी धरून पीत होती. पक्के दात हिरड्यांच्या आत घडतात ते याच वयात.

मी बोअरचं आणि विहिरीचं पाणी दोन नळ्यांत घेऊन तपासणीच्या गुलाबी औषधाचे थेंब टाकले. विहिरीचं गुलाबी राहिलं. बोअरचं पिवळं झालं. म्हणजे फ्लोराइड जास्त; दातांवरचे पट्टे त्याचेच.

"कोणं टाकलं?" मामीनं कमरेवर हात ठेवले. "कोराडीच्या वीजकेंद्राची राख आली का इथवर?"

"कोणी नाही टाकलं, मामी. ते खडकातच असतं, अभ्रकासारख्या खनिजांत. पाणी खोल भेगांमध्ये वर्षानुवर्षं अडकतं आणि त्यातून थोडं थोडं उचलत राहतं."

"आन् विहिरीले खडक नाही का?"

प्रश्न रास्त होता. "आहे. पण तिथं पाणी दर पावसाळ्यात नवं येतं. शिवाय त्यात चुना जास्त आहे. चुना फ्लोराइडला फार विरघळू देत नाही."

"त्याच चुन्यानं तं दाळ शिजत नाही! बोअरच्या पाण्यात वरण कसं लोण्यावानी होते."

मामीच्या वरणाचं नाव चार गावांत आहे. बोअरमध्ये चुना कमी म्हणून ते मऊ होतं, आणि त्याच कारणानं पल्लवीच्या दातांवर पट्टे आले, हे कसं सांगायचं?

चिमीनं रिकामा ग्लास मामीपुढे धरला. मामीनं बोअरचं पाणी ओतलं. मी तो ग्लास घेतला आणि तुळशीत रिकामा केला. चिमीनं भोकाड पसरलं.

"पल्लवीचे दात याच पाण्यानं झाले असे, मामी," मी म्हणाले.

मामी पल्लवीकडे बघत राहिली. मग गुंड (पाण्याची कळशी) माझ्या हातात देऊन म्हणाली, "मंग उभी काहून हायस? विहिरीवर जाय!"

कुकर शिट्ट्या मारून थकला. वरणात डाळीचे दाणे अख्खे, वर सांभार (कोथिंबीर). "खाय आता तुही विद्या," मामी म्हणाली. मी चावून चावून खाल्लं. माझं तोंड बघून पल्लवी मोठ्यानं हसली. हात वरणभातात असल्यानं तोंडावर नेता आला नाही.

निघताना मामीनं माझ्या उरलेल्या बाटल्या विहिरीच्या पाण्यानं भरल्या. उकळून, गाळून, गार करून. "चिमीचे पक्के दात येऊ दे. पांढरे निघाले तं ठीक, नाही तं तुले सोडत नाही. तोवर दर साली जेवाले येजो."

परतीच्या बसमध्ये पिशवी जड होती. शेजारच्या बाई सारखं तिच्याकडे बघत होत्या, पण विचारत नव्हत्या. शेवटी मीच म्हणाले, "विहिरीचं पाणी आहे. तुमच्याकडे वरण कसं शिजतं?"