पेटीवरचं नाव

बजाजनगरातली ती पेरूची पेटी मला आजही आठवते. दोन लहान भावंडांना पेरू खाल्ल्यावर उलट्या सुरू झाल्या. धाकटीला अतिदक्षता विभागात ठेवलं होतं. दवाखान्यातून पोलीस ठाण्यात खबर आली. डॉक्टरांना फवारणीच्या औषधाचा संशय होता. तपास माझ्याकडे होता.

पेटीवर कोड होता. एका शेतकरी कंपनीनं आपला माल ब्लॉकचेनवर आणला होता. बाग, फवारणी, तोडणी, दुकान, सगळं मोबाइलवर नोंदवायचं. एकदा केलेली नोंद मग कुणालाच खोडता येत नाही. कोड स्कॅन केल्यावर वेरूळकडच्या एका विधवा बाईचं नाव आलं. शेवटची फवारणी महिन्यापूर्वीची.

बाईमाणसाला जबाबासाठी ठाण्यात बोलावता येत नाही, म्हणून मीच गेले. घरझडतीत औषध नाही, पंप नाही. ती एकच सांगत राहिली, "म्या महिनाभरात फवारलंच नाय. तुमच्या मोबाइलात बी तसंच हाय." कंपनीचा व्यवस्थापक म्हणाला, नोंदीला कुणी हात लावलेला नाही. दोघंही खरं बोलत होते आणि मला त्याचीच धास्ती वाटली. फळ दुसऱ्या बागेतलं असेल, तर तिथल्या बाकीच्या पेट्या त्या घडीला शहरात विकल्या जात होत्या.

बाग पाहिली. मोजकी झाडं, विरळ फळ. तरी त्या तोडणीला तिच्या नावाच्या तीन पेट्या काठोकाठ भरून गेल्या होत्या. मी विचारलं, पेटी उणी पडली तर काय करता? व्यवस्थापकानं सहज सांगितलं, उणी पेटी गाडीत घेत नाहीत, मग शेजारचा बागवाला आपली फळं टाकून ती भरून देतो. गावाची रीतच ती. बाईनं मान खाली घातली.

"ते इचारू नका, मॅडम."

नवरा गेल्यापासून तो शेजारीच तिच्या बागेला पाणी द्यायचा, तोडणीला उभा राहायचा. मी म्हटलं, "पोरगी अजून शुद्धीवर नाही. तुम्ही गप्प बसाल तोवर आणखी कुणाच्या घरात ते पेरू जातील."

तिनं शेजारच्या बागेकडं बोट दाखवलं. मग म्हणाली, "दीर मानलाय म्या त्येला. माशी लई लागली व्हती. तोडायच्या आदल्या दिशीच मारलं औषध."

त्यानं ती फवारणी नोंदवलीच नव्हती. पण कंपनीच्या नोंदीत त्याचं नाव टाकताच पाच मिनिटांत त्याच्या चार पेट्या कुठल्या दुकानांत आहेत ते कळलं. तीन जप्त केल्या; बाईच्या उरलेल्या दोन आधीच उचलल्या होत्या. उस्मानपुऱ्यातली चौथी निम्मी विकली गेली होती. ते पेरू खाऊ नका म्हणून आम्ही गाडीवरून भोंगा फिरवला. त्या संध्याकाळी ठाण्यातला प्रत्येक फोन मीच उचलला. नवा रुग्ण आला नाही. पोरगी चौथ्या दिवशी वॉर्डात आली.

शेजाऱ्यानं सगळं कबूल केलं. एवढंच म्हणाला, "वहिनीला साक्षीला उभं करू नका." साक्षीदारांच्या यादीत तिचंच नाव पहिलं होतं.

त्यानंतर मी जबाब घेताना 'कुणी काय केलं' याच्याआधी 'तुम्हाला मदत कुणी केली' हे विचारू लागले. मदतीची नोंद कोणी कुठं करत नाही. आणि काही लपवायची वेळ आलीच, तर साधी माणसं मदत करणाऱ्या माणसासाठीच लपवतात.