वीतभर भराव

आमच्या साडूंसमोर कोणी हात पुढे करू नये. माझं लग्न ठरताना मी उंची पाच फूट सात इंच लिहून दिली होती, आणि बैठकीत विडा घ्यायला हात पुढे केला. शेजारी सासरचे थोरले जावई बसलेले. त्यांनी माझ्या कोपरापासून मनगटापर्यंत वीत लावली आणि चारचौघांत म्हणाले, "पाच चार. वरचे तीन कुठून आणले, पाव्हणं?" लग्न मोडलं नाही, एवढं नशीब.

साडू सरकारी दवाखान्यात शवविच्छेदनाच्या खोलीत मदतनीस होते. बेवारस सांगाडा आला की मांडीचं हाड फळीवर ठेवून मोजायचं आणि माणूस केवढा होता ते डॉक्टरांना सांगायचं, यात त्यांची हयात गेली. ती खोड घरी आली. पंगतीत मांडी घालून बसलेल्यांच्या नडग्या ते नजरेनं मोजत. चौकातल्या फ्लेक्सवर हात जोडून उभा असलेला पुढारी दिसला की त्याच्या मनगटावरून हिशोब करून म्हणत, "ह्याला पाटावर उभा केलाय." आणि वर, "माणूस उंची फुगवतं. मांडीचं हाड न्हाई फुगवत."

निवृत्तीला वर्ष राहिलं असताना तेलगावकडच्या एका पडीक विहिरीचा गाळ काढताना सांगाडा निघाला. जवळच्या वस्तीवरच्या एका म्हातारीचा मुलगा सहा वर्षांपूर्वी बापाशी भांडून गेलेला. तिच्या रक्ताचा नमुना प्रयोगशाळेत गेला होता, पण उत्तराला महिने लागणार होते. तोवर बाईनं अन्न टाकलेलं. मुलाची उंची तिला फुटात कुठून माहीत असणार? ती एवढंच सांगे, "चौकटीच्या वरच्या पट्टीला त्याचं डोस्कं घासायचं."

साडूंना राहवेना. रविवारी माझ्या मोटारसायकलवर बसून, टेप घेऊन तिच्या घरी गेले. टेपचं खालचं टोक मी धरलं. चौकट जेमतेम पाच दोन भरली. आत शिरताना माझंही डोकं आपटलं होतं. हाडावरून निघालेली उंची पाच अकरा.

"मावशी, अंदाज हाय, दोन बोटं मागंपुढं हुतंय," साडू म्हणाले. "पर ह्यो तुमचा न्हाई. ह्यो लई लंबा हाय."

म्हातारी चौकटीला धरून खाली बसली आणि म्हणाली, "जेवायला या."

आठ दिवसांनी गेलो. तिनं पुरण घातलं होतं. मुलगा परत आला तर असावी म्हणून नवी चादरही आणली होती, ती आम्हाला दाखवली. मला जेवताना गप्प बसवत नाही. काहीतरी चांगलं बोलावं म्हणून मी म्हणालो, "मावशी, फरशी झ्याक बसवलीय."

"पोरगं गेल्यावर बसवली की. पावसाचं पाणी आत यायचं. वीतभर भराव घातला अन् वरून फरशी."

साडूंचा घास हातातच राहिला. ताट सरकवून ते उठले, चौकटीपाशी गेले, जमिनीवर वीत टेकवली आणि तसेच ओणवे राहिले. मग म्हणाले, "मावशी, मी मागं न्हाई म्हणलो, ते परत घ्यायला आलोय समजा."

"कावून?"

"तवा चौकट वीतभर उंच हुती. मी आत्ताची मोजली. उंची जुळली म्हंजी त्योच, असं न्हाई. पर न्हाईच म्हणायला आता मला तोंड न्हाई."

"दोन बोटं मागंपुढं हुतंय म्हणला हुतास ना? मग धर की दोन बोटं."

"वीत दोन बोटांत बसत न्हाई, मावशी."

"मग चार धर."

तिनं उठून त्यांच्या ताटात आणखी एक पोळी वाढली आणि वर तुपाची धार धरली. त्यांनी ती संपवली. कशी संपवली, ते मी बघितलं नाही.

प्रयोगशाळेचं उत्तर उन्हाळ्यात आलं. तोच होता. साडू त्यानंतर कुणाचं माप काढत नाहीत. परवा एका बारशात मी मुद्दाम हात पुढे केला, तर त्यांनी माझ्या हातावर पेढा ठेवला.

म्हातारीकडं पुरण जेवून आलो त्या दिवशी मी बायकोला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. हातातली जुडी खाली ठेवली. मग म्हणाली, "आठ दिवस ती बाई पोटभर जेवत होती. तुम्हाला फरशीकडं बघायची काय गरज होती?"