अप्पांचा पलिता आणि आखूड मिशांची माशी

मंडळी, आत्ताच औरादच्या जंगलाकडच्या शेतातून आलोय!

शेताच्या जवळच्या वाटेवर घाणेरीचं झुडूप हाय. त्यावर पिवळ्या पट्ट्यांच्या बारीक गांधीलमाश्या घोंघावायल्या. वडलांनी, म्हणजे आमच्या अप्पांनी, त्या जाळायला पलिता पेटवला बी होता. मी म्हणलं, "थांबा, आधी फोटो काढू द्या!"

फोटो कीटकांच्या ग्रुपवर टाकला. तिथल्या जाणकार ताईंचं लगेच उत्तर आलं, "मिशा बघा किती आखूड, डोळे केवढे मोठे! ही गांधीलमाशी नाही. फुलांवरची साधी माशी आहे, हिला नांगीच नसते."

अप्पांनी पलिता मातीत विझवला. फोटो मोठा करून लई वेळ बघितला.

"मंग तीन वर्सं म्या लांबच्या वाटेनं कामून जायलो?"

तुम्ही कुणाला भिऊन लांबून जायलात?